सत्तरी ओलांडलेलं विमान घेतलं

घेतलं एकदाचं. सेसना १७०बी, १९५३ सालचं, टेलव्हील. म्हणजे नाकाखाली चाक नाही, दोन मोठी चाकं पुढं आणि एक बारकं शेपटीखाली. फोटो टाकल्यापासून मेसेज येतायत की एवढं जुनं कशाला, नवीन का नाही घेतलं, आणि अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरात नेणार म्हणजे नक्की करणार काय. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकतो, लांबेल जरा.

जुनं का, तर हव्या त्या प्रकारचं नवीन जवळजवळ कोणी बनवतच नाही, जे एखाददुसरे बनवतात त्यांची किंमत ऐकून फोन ठेवावासा वाटतो. एकेकाळी बहुतेक छोटी विमानं टेलव्हील असायची. १९५६ मध्ये सेसनानं ह्याच १७० ला नाकाखाली चाक लावून १७२ काढलं, उतरवायला सोपं, ते धडाधड खपलं आणि १७० चा धंदाच बसला. पण नाकाखालचं चाक गुळगुळीत रनवेवर ठीक, दगडगोटे आणि खड्डे असले की आधी तेच मोडतं, आणि ते मोडलं की प्रोपेलर जमिनीला लागतो, मग इंजिन उघडावं लागतं. शेपटीवर चाक असलं की प्रोपेलर वर राहतो आणि वजनही वाचतं. म्हणून अलास्का काय, आयडाहो काय, जिथं नदीकाठी आणि कुरणात उतरायचं तिथं अजून हीच जुनी खोडं चालतात.

आता १७० च का. बुश प्लेन, म्हणजे रानावनात कुठंही उतरणारं विमान, म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढं पायपरचं सुपर कब येतं, १९४९ पासूनचं, भारी विमान आहे वादच नाही, पण दोन सीट एकामागे एक, सामान ठेवायला जागा कमी, वेग बेताचा, आणि चांगलं असेल तर एक लाख डॉलरच्या खाली विचारूच नका. अलास्कातल्या जुन्या कबांबद्दल तर मेकॅनिक लोक म्हणतात की मूळ विमानातली फक्त डेटा प्लेट, म्हणजे नंबर कोरलेली पट्टी, शिल्लक असते, बाकी सगळं कधी ना कधी आपटून बदललेलं. दुसरं स्वप्न म्हणजे सेसना १८०, १९५३ ला आलं, २२५-२३० हॉर्सपॉवर, काहीही भरा आणि उडा. १९६४ मध्ये जेरी मॉक नावाच्या बाईंनी एकटीनं पृथ्वीप्रदक्षिणा केली, एकटीनं करणारी पहिली स्त्री, ती अकरा वर्षं जुन्या १८० मधूनच. पण त्याची किंमत, पेट्रोल, इन्शुरन्स सगळंच वरच्या पट्टीतलं. स्टिन्सन १०८ पण बघितलं, ऐसपैस आणि स्वभावानं गरीब, पण त्यातलं फ्रँकलिन इंजिन बनवणारी अमेरिकन कंपनी कधीच गेली, पार्टसाठी वणवण करायची तयारी हवी. माझी नाही.

१७०बी मध्ये सहा सिलिंडरचं १४५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन. तेच पुढं १७२ मध्येही कित्येक वर्षं बसवत होते त्यामुळे मेकॅनिकला ते नवीन नाही. आणि खरी गोष्ट म्हणजे फ्लॅप, पंखाच्या मागच्या कडेची, उतरताना खाली करायची झडप. १७०बी ला मोठे, मागं सरकून खाली जाणारे फ्लॅप मिळाले, ४० डिग्रीपर्यंत, आणि ते मोटरनं नाही तर दोन सीटच्या मधे जमिनीत एक दांडा आहे तो हातानं ओढायचा. बिघडायला त्यात आहेच काय. ओढला की लागलीच हवेत ब्रेक मारल्यासारखं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट, जी मला सगळ्या नवख्यांना ओरडून सांगावीशी वाटते. जाहिरातीत फोटो असतो चकचकीत रंगाचा, मोठ्ठ्या फुगऱ्या टायरांचा, पाठीमागे बर्फाचा डोंगर, आणि माणूस तिथेच विरघळतो. रंग आणि टायर पैसे टाकले की नंतरही लागतात हो. सत्तर वर्षांच्या विमानात तुम्ही विकत घेता ते त्याचे कागद आणि त्याचं पोट, म्हणजे फरशीखाली, शेपटीच्या आत, पंखांच्या आत काय आहे ते.

आधी कागद. अमेरिकेतल्या प्रत्येक विमानाची फाईल एफएएकडे, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याकडे, ओक्लाहोमा सिटीत असते, थोड्या पैशात पूर्ण मिळते. त्यात ३३७ नंबरचे फॉर्म असतात, कुठलीही मोठी दुरुस्ती किंवा बदल केला की तो भरावा लागतो. मालक विसरेल, फाईल विसरत नाही. एक विमान मला फारच आवडलं होतं, निळं-पांढरं, आतून नवीन लेदर. मालक म्हणाला कधी आपटलेलं नाही. फाईल मागवली तर एका पंखाचा आणि लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या पायांच्या, भोवतालच्या भागाचा ३३७ निघाला, आणि नेमकी त्याच वर्षांची लॉगबुकं, म्हणजे देखभालीच्या नोंदवह्या, 'घर बदलताना हरवली'. आता आपटणं हा गुन्हा नाही, ह्या वयाचं टेलव्हील कधीच आपटलं नसेल असं समजणंच भाबडेपणा आहे, मी घेतलेलंसुद्धा एकदा ग्राउंड लूप झालेलं, म्हणजे जमिनीवर गर्रकन फिरलेलं आहे, पण त्याची दुरुस्ती कोणी केली, कुठला पार्ट घातला, सही कोणाची, सगळं लिहिलेलं आहे. लपवलेलं नको एवढंच. शिवाय फाईलवरून टायटल सर्च करून घ्या, विमानावर कुणाचं कर्ज चढलेलं असेल तर ते तुमच्या गळ्यात येतं.

मग प्रीबाय, म्हणजे घेण्याआधीची तपासणी. मेकॅनिक आपला हवा, ज्यानं त्या विमानाचं दरवर्षीचं इन्स्पेक्शन केलंय तो नको, त्याला स्वतःच्याच कामात चूक कशी दिसणार. मला भेटले ते आजोबा सत्तरीचेच, म्हणजे विमानाच्या बरोबरीचे, आणि त्यांनी आल्या आल्या इंजिनाकडे बघितलंच नाही, सीट काढल्या, कार्पेट उचललं, फरशीचे पत्रे उघडले आणि टॉर्च न् काडीला लावलेला छोटा आरसा घेऊन आडवे झाले. १७० चे पुढचे पाय म्हणजे स्प्रिंग स्टीलची सपाट पट्टी, ही कल्पना विमानं बनवणाऱ्या स्टीव्ह विटमन यांची, सेसनानं त्यांच्याकडून घेतली. ती पट्टी जिथं पोटात शिरते तिथं ॲल्युमिनियमचा एक डबा आहे, सगळे धक्के शेवटी त्या डब्यावर येतात. आजोबांनी मलाही खाली झोपवलं आणि आरशात दाखवलं, रिव्हेटच्या भोवती काळी राखाडी धूळ दिसते का बघ, दिसली तर रिव्हेट हलतोय. कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसते का बघ. डाव्या बाजूला एक रेघ दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला, त्यांनी बोट फिरवलं तर पुसली गेली, ग्रीसचा ओघळ होता.

नंतर शेपटी. मागचं झाकण काढलं तर आत उंदराच्या घरट्याचं जुनं गवत. हसू नका, उंदराचं मूत ॲल्युमिनियम खातं, आणि त्या काळच्या सेसनाला आतून गंजरोधक प्रायमर मारायची पद्धत नव्हती, नुसता पत्रा. घरटं काढून खालचा पत्रा घासून बघितला, डाग होते, खड्डे नव्हते. विमान समुद्रकिनारी किंवा फ्लोटवर (चाकांऐवजी तरंगणारे तराफे) खाऱ्या पाण्यात राहिलेलं असेल तर हा तपास दुप्पट कडक करा. आणि कापडी पंखांचं विमान घेत असाल तर कापडाचं वय आणि जोर तपासायचा वेगळा प्रकार असतो, जुन्या पायपरच्या पंखाखालच्या स्ट्रटमध्ये, म्हणजे आधाराच्या तिरक्या दांड्यात, आतून गंज चढतो त्यासाठी एफएएचा सक्तीचा हुकूमच आहे, तो पाळलाय का ते लॉगमध्ये शोधा. माझ्यात तो विषय नव्हता.

इंजिन शेवटी. सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबानं हवा सोडायची आणि किती टिकते ते मोजायचं. पाच सिलिंडर सत्तरच्या वर, एक अठ्ठावन्नवर. आजोबा एक्झॉस्टच्या नळीला कान लावून म्हणाले ऐक. फुस्स असा आवाज स्पष्ट. तिथून आवाज म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इंजिन ऑइलच्या तोंडातून आला असता तर पिस्टनच्या रिंगा. त्या एका सिलिंडरचे पैसे किमतीतून कमी करून घेतले. ह्या इंजिनाचं आयुष्य कंपनीच्या हिशेबानं १,८०० तास, पण तास कमी म्हणून खूश होऊ नका, वर्षानुवर्षं हँगरमध्ये नुसतं उभं राहिलेलं इंजिन आतून गंजतं, त्यापेक्षा दर आठवड्याला उडणारं जास्त तासांचं मला कधीही चालेल.

आणि एक काम बहुतेक लोक करत नाहीत ते म्हणजे वजन. कागदावरचं रिकामं वजन कित्येक जुन्या विमानांचं दशकानुदशकं नुसती बेरीज-वजाबाकी करत आलेलं असतं, काट्यावर कोणी चढवलेलंच नसतं. माझं कागदावर १,२६२ पौंड होतं, तीन काटे लावून मोजलं तर १,३१८. छप्पन्न पौंड आले कुठून, रंगावर रंग, जुन्या वायरी, कसली कसली फोम. आता हिशेब करा, जास्तीत जास्त परवानगी २,२०० पौंड. उरले ८८२. वापरता येतं ते पेट्रोल ३७ गॅलन, एका गॅलनचं वजन सहा पौंड, म्हणजे २२२. उरले ६६०. चार सीट आहेत म्हणून चार माणसं बसवली की संपलं, तंबू नाही, पाणी नाही, काही नाही. म्हणून मागची सीट काढून घरी ठेवलीय.

आणि हे झालं समुद्रसपाटीचं. आयडाहोत जॉन्सन क्रीक म्हणून गवताची स्ट्रिप, म्हणजे साधी धावपट्टी आहे, ३,४०० फूट लांब, उंची ४,९३३ फूट, नवख्यांनी डोंगरातली सुरुवात बहुतेक तिथूनच करावी इतकी छान, शेजारी कॅम्पिंग, राज्य सरकार सांभाळतं. दुपारी तिथं ३० डिग्री झालं की हवा इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण ८,००० फुटांवर आहोत. माझे १४५ घोडे तिथं ११० च्या आसपास उरतात, पंखाला हवा कमी, प्रोपेलरला हवा कमी, आणि समोर झाडं. म्हणून तिथली जाणती मंडळी पहाटे उडतात आणि दुपारी नदीत पाय सोडून बसतात. तिथून पुढं फ्रँक चर्च विल्डरनेस, म्हणजे राखीव रान लागतं, गाडीला पूर्ण बंदी, पण १९८० च्या कायद्यात तिथल्या जुन्या स्ट्रिपा राज्याच्या लेखी संमतीशिवाय बंद करता येणार नाहीत असं कलम घातलं म्हणून विमान अजून उतरतं. त्यातल्या काही स्ट्रिपा अशा आहेत की एका बाजूनंच यायचं, आणि एका ठराविक वळणानंतर परत फिरायला जागाच नाही, उतरायचंच. माईल हाय वगैरे असल्या स्ट्रिपांची नावं मी सध्या फक्त नकाशात बघतो आणि तेच बरं आहे.

ट्रेनिंगबद्दल विचारताय तर, टेलव्हीलसाठी लायसन्सवर वेगळी परीक्षा नाही, इन्स्ट्रक्टरनं पायलटच्या लॉगबुकात सही द्यायची, तासांची अटही नाही. अट घालते ती इन्शुरन्स कंपनी, आणि ती बरोबरच घालते. ह्या विमानाचा वजनाचा मध्य पुढच्या चाकांच्या मागे असतो, सुपरमार्केटची ट्रॉली उलटी ढकलून बघा म्हणजे कळेल, जरा वाकडी झाली की शेपूट पुढं यायला बघते. त्यालाच ग्राउंड लूप म्हणतात, आणि पंखाचं टोक घासलं की वर्षभराचे पैसे गेले. नाकचाकवाल्या विमानात चाकं टेकली की पायलट सुस्कारा सोडतो, इथं पाय रडरवर, म्हणजे शेपटीचं सुकाणू हलवणाऱ्या पेडलांवर, नाचवत ठेवायचे ते इंजिन बंद होईपर्यंत. इन्स्ट्रक्टर बाईंनी मला वारा आडवा असलेले दिवस मुद्दाम निवडून उडवलं, कटकट वाटली, पण आता वाऱ्याची भीती जाऊन नुसता आदर राहिलाय.

टायर मात्र मध्यम घेतले, ८.५० चे, मंजुरीचे कागद असलेले. ३१ इंची फुगे लावले की फोटो झकास येतो आणि दगडांच्या नदीपात्रात त्यांना खरंच तोड नाही, पण मी नदीपात्रात उतरणार नाहीये, मला गवत आणि मुरूम पुरे, आणि ते वजन न् तो वाऱ्याचा अडथळा मग रोज वाहत बसायचा. शेपटीचं चाक मात्र मोठं आणि हवा भरायचं लावणार आहे, ते बारकं टणक चाक बिळात अडकलं तर शेपटीचे पत्रे फाडतं.

बाकी हीटर एका बाजूलाच गरम हवा देतो, डावं दार जोरात आपटल्याशिवाय लागत नाही, रेडिओ नवीन टाकायचाय. आणि ज्यांनी ज्यांनी 'आम्हाला कधी नेणार' विचारलंय त्यांनी कृपया खरं वजन कळवा, कपडे आणि बॅगेसकट, मी काट्यावर घेणारच आहे.