यूट्यूब बंद न करता ऑफिसचं नेट सुरळीत केलं, त्याचा अनुभव

साठेक माणसांचं ऑफिस आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही बाजूंना १०० एमबीपीएसची एक लाइन. एवढ्या माणसांना एवढी लाइन पुरायला हरकत नाही. तरी दुपार झाली की तक्रारी सुरू व्हायच्या. कॉलवर आवाज तुटतोय, स्क्रीन शेअर अडकलं, नेट स्लो आहे. नेटवर्क मी सांभाळतो, त्यामुळे सगळे माझ्याच टेबलापाशी यायचे. व्यवस्थापनाचं मत आधीच ठरलेलं होतं: लोक व्हिडिओ बघत बसतात, तेव्हा यूट्यूबपासून सगळं बंद करा आणि कोण काय बघतं त्याची यादी द्या.

आकडे हातात येईपर्यंत मी या दोन्ही गोष्टींना नकार दिला. नव्या माणसांचं निम्मं प्रशिक्षण यूट्यूबवरच्या व्हिडिओंवर चालतं, सपोर्टची मंडळी दिवसभर तिथेच एखादी दुरुस्ती कशी करायची ते शोधत असतात. सरसकट बंदीने कामच अडलं असतं.

आकड्यांनी मात्र आधी गोंधळात टाकलं. आमच्या ग्राफवर दुपारीसुद्धा लाइनचा वापर साठ टक्क्यांच्या वर जात नव्हता. लाइन देणाऱ्यांचंही म्हणणं तेच, लाइन साफ आहे. मग मी एका खिडकीत पिंग, म्हणजे दूरच्या यंत्राला छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, चालू ठेवला आणि शेजारी बसून बघत राहिलो. सकाळी उत्तर ८-९ मिलिसेकंदांत यायचं. दुपारी तिथेच ९, ११, ९, मग एकदम २४०, ३८०, ३१०, आणि लगेच परत ९. थोडे सेकंद शांत, की पुन्हा तोच झटका.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळा उलगडा इथेच होतो. व्हिडिओ प्लेअर नळासारखा सतत एका धारेने डेटा ओढत नाही. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. प्लेअर एक तुकडा लाइन देईल तेवढ्या वेगाने ओढतो, साठवतो, थांबतो आणि मग पुढचा तुकडा मागतो. १०८०पी व्हिडिओचा सरासरी वेग ५ एमबीपीएसच्या आसपास असला, तरी त्या क्षणी तो अख्खी लाइन मागत असतो. पाच-सात जणांचे तुकडे एकाच वेळी आले की सेकंदभर लाइन तुडुंब भरते आणि उरलेली पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, पलीकडच्या, म्हणजे लाइन देणाऱ्यांकडच्या, यंत्राच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) रांगेत उभी राहतात. त्याच रांगेत आपल्या कॉलची पॅकेट्सही अडकतात. आमचा ग्राफ पाच मिनिटांची सरासरी दाखवायचा, त्यात हे झटके दिसणं शक्यच नव्हतं.

कॉलला रुंदी फारशी लागतच नाही. जी.७११ या आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीचा एक आवाजी कॉल सगळी वेष्टनं धरून ९० केबीपीएसच्या आतच राहतो. त्याला वेळेवर पोहोचायचं असतं. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा जी.११४ हा दस्तऐवज सांगतो. आमच्याकडे नुसत्या रांगेतच त्याहून जास्त वेळ जात होता. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास त्याकडे लक्ष वेधलं आणि कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये कोडेल नावाचा उपाय मांडला. रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ ताटकळलं ते बघायचं, ही त्यातली कल्पना मला फार आवडते.

जाणाऱ्या बाजूलाही एक कारण सापडलं. डिझाइनच्या मोठ्या फाइल्सचा क्लाउड बॅकअप भर दुपारी चालत होता. तो रात्रीवर ढकलला, तो प्रश्न तिथेच मिटला.

मुख्य काम होतं रांग आपल्या ताब्यात आणण्याचं. रांग नेहमी सगळ्यात अरुंद जागी लागते. ती अरुंद जागा पलीकडच्या यंत्राऐवजी आपला राउटर असेल, तरच कोणाला आधी सोडायचं हे आपण ठरवू शकतो. म्हणून लाइन १००ची असूनही राउटरवर मर्यादा ९०ची ठेवली. येणाऱ्या पॅकेट्सवर आपला थेट ताबा नसतो, ती लाइन ओलांडून आलेलीच असतात. पण त्यातली काही राउटरने टाकून दिली की पाठवणारा सर्व्हर आपणहून वेग कमी करतो, आणि हळूहळू पलीकडची रांग रिकामी राहायला लागते. दहा एमबीपीएस वाया घालवले, असं काहींना वाटलं. मला तो सौदा आजही पटतो.

राउटर मिक्रोटिक कंपनीचा आहे. त्याच्या राउटरओएस ७ या प्रणालीत केक ही रांग सांभाळण्याची पद्धत मिळते, तीच जी लिनक्स कर्नलमध्ये २०१८ साली ४.१९ आवृत्तीत आली. सगळं लावलं, तरी पिंगमध्ये तसूभर फरक नाही. कारण फास्टट्रॅक चालू होतं. राउटरवरचा भार कमी व्हावा म्हणून ही सोय जुळलेली कनेक्शन्स रांगांना वळसा घालून थेट पुढे पाठवते, म्हणजे रांग लावूनही तिच्यात कोणी उभंच राहत नव्हतं. फास्टट्रॅक बंद केलं तसा प्रोसेसरचा वापर वाढला, पण एवढ्या लाइनला तो राउटर आरामात पुरतो. ज्यांच्याकडे हाच राउटर आहे त्यांनी हे आधी तपासावं.

केकमधला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे मशीननिहाय समान वाटा. लाइन भरली की प्रत्येक मशीनला सारखा हिस्सा मिळतो, मग एकाने वीस डाउनलोड लावलेले असोत की दुसऱ्याचा एकच कॉल चालू असो. लाइन मोकळी असेल तर कोणालाच अडवलं जात नाही. हे चालू झालं त्या दुपारी पिंग विसाच्या आत राहिला. कोण काय बघतं हे न पाहता. यादीचा विषय मी तिथेच संपवला. व्यवस्थापनाला स्पष्ट सांगितलं की उपायाला नावं लागत नाहीत, तेव्हा ती गोळा करणं योग्य नाही. त्यांनी ते मान्य केलं, याचं मला मनापासून समाधान आहे.

तरीही व्हिडिओला वेगळी मर्यादा हवी, हा आग्रह राहिला आणि तो गैर नव्हता. कोणी ४के लावून ठेवलं तर त्याचा कामाला उपयोग नाही. इथे बंदीऐवजी दर्जा कमी करण्याचा मार्ग घेतला. मार्च २०२०मध्ये नेटफ्लिक्सने युरोपात बिटरेट कमी केला होता आणि यूट्यूबने साधा दर्जा मूळ पर्याय म्हणून ठेवला होता. हे उदाहरण बैठकीत फार उपयोगी पडलं. व्हिडिओसाठी एका मशीनला ३ एमबीपीएस, ही मर्यादा ठरली. नेटफ्लिक्सच्याच मार्गदर्शनात ७२०पीला ३, १०८०पीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस सांगितले आहेत.

व्हिडिओ ओळखायचा कसा, हे जरा किचकट आहे. यूट्यूबचं पान ज्या पत्त्यांवरून येतं तिथूनच गूगलच्या इतर सेवाही येऊ शकतात, त्यामुळे ते पत्ते आवळले तर मेलही रेंगाळेल. पण प्रत्यक्ष व्हिडिओ गूगलव्हिडिओ डॉट कॉमखालच्या सर्व्हरवरून येतो. ऑफिसच्या डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, अशा डोमेनची विचारणा झाली की मिळालेला पत्ता एका यादीत पडतो आणि त्या यादीला मर्यादा लागते. व्हिडिओसाठी ब्राउझर बऱ्याचदा वापरतो तो क्विक प्रोटोकॉल नेहमीच्या टीसीपीऐवजी यूडीपी या डेटा पाठवण्याच्या वेगळ्या पद्धतीवर चालतो, त्यामुळे टीसीपी जोडणीतलं नाव वाचून ओळखण्याची जुनी युक्ती तिथे लागू पडत नाही. पत्त्यांच्या यादीला ती अडचण नाही. ब्राउझरने स्वतःचा एन्क्रिप्टेड डीएनएस वापरला तर मात्र यादी आंधळी होते, म्हणून ऑफिसच्या मशीनवर ते धोरणाने बंद केलं.

लागू करण्याआधी सगळ्यांना मेल पाठवला: काय करतोय, का करतोय, काय नोंदवलं जाणार नाही. नंतर स्वतः एक व्हिडिओ लावून बघितला. सुरुवातीला चित्र थोडं धूसर झालं, मग ७२०पीवर स्थिरावलं, आणि चाक फिरत राहिलं नाही. प्रशिक्षणाच्या खोलीतलं मशीन या मर्यादेतून वगळलं आहे.

व्हीपीएन (सगळा डेटा झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी जोडणी) लावून कोणी व्हिडिओ बघितला तर ३ची मर्यादा त्याला लागत नाही, हे मला माहीत आहे. लाइन भरली की त्याच्या मशीनलाही इतरांइतकाच वाटा मिळतो, म्हणून मी त्याच्या मागे लागत नाही. पुढे लाइन वाढवली तर ९०चा आकडा हाताने बदलावा लागेल, नाहीतर नव्या वेगाचे पैसे भरून जुनाच वेग मिळेल. राउटरच्या नोंदींमध्ये ही सूचना सगळ्यात वर लिहून ठेवली आहे.