नोकरी कधी सोडणार? तुम्ही विचारलंत म्हणून

मी नोकरी सांभाळून घरी मसाला करून विकते, आणि उन्हाळ्यात तो न्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण पैसे देता देता एकच विचारतात, अहो एवढं खपतंय तर नोकरी कधी सोडणार? आणि ज्यांना स्वतःला काहीतरी सुरू करायचंय ते विचारतात की नोकरी सांभाळून हे जमवता कसं. दरवेळी दारात उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देते, म्हणून आज नीट लिहितेय.

सोडणार नाही. बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते, आणि त्या पगाराच्या जिवावरच हा धंदा सरळ चाललाय असं मला मनापासून वाटतं. घरभाडं, पोरांची फी, किराणा यातलं काहीच मसाल्यावर अवलंबून नाही, त्यामुळे मला नाही म्हणता येतं. कुणाकुणाला नाही म्हणावं लागतं ते सांगते.

पहिलं नाही मिरचीवाल्याला. आपल्याकडे मसाल्याला दोन मिरच्या लागतात, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, गडद लाल, तिखट कमी, तिला 2011 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. संकेश्वरी आपल्याच जिल्ह्यातली, हुक्केरी तालुक्यात संकेश्वर आणि पलीकडे गडहिंग्लज या पट्ट्यातली, पण खरी जवारी म्हणजे गावठी संकेश्वरी आता थोडी येते आणि महाग मिळते, म्हणून त्या नावाखाली भलतीच मिरची गळ्यात मारतात. भाव चढला की दुकानदार हमखास म्हणतो, अक्का, यंदा लई चढलीया, गेल्या वर्षीची कोल्ड स्टोरेजची देऊ काय, कुणाला कळतंय? कळतं हो. मूठभर मिरची हातात चोळून वास घेतला की कळतं, जुन्या मालाला रंग असतो पण वास बसलेला असतो, आणि कालवणात तर लगेच कळतं. पगार नसता तर कदाचित मीही तीच घेतली असती, कारण त्या महिन्याचं घर त्यावर चालवायचं असतं. आता परवडली नाही तर मी मसालाच कमी करते, भाव वाढवून सांगते, ज्याला नको तो नाही घेत.

दुसरं नाही उधारीला आणि दुकानात माल ठेवायला. एका दुकानदारानं सांगितलं होतं, शंभर किलो द्या, पैसे दिवाळीनंतर, आणि दर जरा उतरवा, पाहिजे तर धने जास्त घाला. धने स्वस्त, मिरची महाग, म्हणून धने वाढवले की किलोमागे चांगले पैसे सुटतात हे मलाही माहीत आहे. पण मग तो माझा मसाला राहत नाही ना. माझ्याकडे शनिवार संध्याकाळ आणि रविवार एवढाच वेळ आहे, त्यात जेवढं होतं तेवढंच करायचं, आणि तेवढं रोखीनं घरातूनच जातं.

रविवारचं काम कसं असतं ते पण बघा, कारण सुरू करणाऱ्यांना वाटतं मिरची आणली, डंकावर म्हणजे कांडपाला नेली, झालं. आधी देठ काढायचे, आमच्या गल्लीतल्या स्त्रीशक्ती संघातल्या म्हणजे बचत गटातल्या काकू आणि मावशी येतात, त्यांना किलोवर मजुरी देते, घरच्यासारख्या आहेत म्हणून फुकट कधीच नाही. मग गच्चीवर कडकडीत ऊन द्यायचं, मिरची हातात घेतली की काडकन मोडली पाहिजे आणि आतलं बी खुळखुळलं पाहिजे. खोबरं, तीळ, धने, जिरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, हळकुंड सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा, एकत्र टाकलं की तीळ करपतात आणि हळकुंड कच्चं राहतं. डंकावर मी स्वतः बसते, तोंडाला पदर बांधून. आधीच्या माणसाचा मसाला उखळीत चिकटलेला असतो, तो पुसून घ्यायला लावते आणि पहिली मूठ कुटून बाजूला काढते. मार्चनंतर तिथं एवढी गर्दी असते की डंकवाला घाई करतो, पण चाळून खाली राहिलेलं जाडसर परत घालून कुटल्याशिवाय मी उठत नाही.

हिशोबात लोक जिथं फसतात ती जागा म्हणजे घट. समजा मिरची 300 रुपये किलोनं घेतली आणि देठ, कचरा, उन्हात उडालेला ओलावा मिळून दीडशे ग्रॅम गेली, तर हातात 850 ग्रॅम राहते, म्हणजे ती तुम्हाला किलोला 353 रुपयांना पडली, 300 ला नाही. त्यावर बाकीचा मसाला, तेल, गॅस, कांडप, मजुरी, पिशवी, लेबल, आणि तुमचे स्वतःचे तास. स्वतःचे तास धरले नाहीत तर धंदा फायद्यात दिसतो आणि माणूस थकत जातो, असं मी आसपास बऱ्याच बायकांचं बघितलंय.

कागदपत्रांची भीती बाळगू नका, पण टाळूही नका. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याचं, रजिस्ट्रेशन पाहिजेच, मी काढलं तेव्हा 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला 100 रुपये फी होती, ऑनलाइन होतं, 14 अंकी नंबर मिळतो तो पिशवीवर छापायचा. उद्यम रजिस्ट्रेशन म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, ती सरकारी पोर्टलवर फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटी खूप आहेत, देऊ नका. लेबल नुसतं मराठीत किंवा नुसतं कन्नडमध्ये चालत नाही, नियमाप्रमाणे मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागतो, सोबत बाकीच्या भाषा चालतात. माझ्या पिशवीवर इंग्रजी, मराठी, कन्नड तिन्ही आहेत, गिऱ्हाईकच तसं आहे आपलं, वडगावच्या काकूही येतात आणि बैलहोंगलच्या अक्काही.

आता सीमेवरच्या माणसांनी नीट लक्ष द्यायची गोष्ट. कर्नाटकात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही, सेवा असेल तर 20 लाख. पण ही सूट राज्यातल्या राज्यात आहे. मसाल्यासारखा करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकून पाठवलात तर पहिल्या रुपयापासून रजिस्ट्रेशन लागतं. आपल्याला महाराष्ट्रातलं शिनोळी म्हणजे गाडीला किक मारली की आलं, तिकडेच चंदगडला निम्म्या गावाचे पाहुणे, लेकी पुण्यात आणि गोव्यात, पण कायद्याच्या हिशोबानं ते परराज्य आहे. चंदगडचा माणूस माझ्या दारात येऊन पैसे देऊन घेऊन गेला तर ती इथलीच विक्री, तोच मसाला मी कुरियरनं त्याच्या गावाला पाठवला तर आंतरराज्य विक्री. म्हणून पुण्याहून फोन येतो तेव्हा मी म्हणते, बाई, तुझ्या आईला सांग, ती येऊन घेऊन जाईल. ज्यांना बाहेर विकायचंच आहे त्यांनी खुशाल जीएसटी नंबर घ्यावा, रिटर्न वेळेवर भरावेत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मला मात्र त्यासाठी माझा रविवार द्यायचा नाहीये.

मसाल्याचं बँक खातं वेगळं ठेवा आणि क्यूआर कोड त्याचाच लावा. 2025 च्या जुलैत यूपीआयच्या आकड्यांवरून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या तेव्हा किती जणांची झोप उडाली होती, कारण घरचे, उसनवारीचे, भिशीचे पैसे सगळे एकाच खात्यात. वेगळं खातं असलं की काय विक्रीचं आणि काय नाही ते दाखवता येतं. इन्कम टॅक्सला पगारासोबत धंद्याचं उत्पन्नही दाखवावं लागतं, त्याला आयटीआर-1 चालत नाही, छोट्या धंद्याला बहुतेक वेळा सुगम म्हणजे आयटीआर-4 बसतो.

आणि तुमच्या मालकाला सांगा. मी आमच्या साहेबांना लेखी कळवलंय, ऑफिसच्या वेळेत एकही ऑर्डर घेत नाही, फोन जेवणाच्या सुट्टीत बघते. सरकारी नोकरीत असाल तर आधी नियम बघा, परवानगीशिवाय धंदा करता येत नाही.

तुम्ही सुरू करणार असाल तर दहा किलोनं करा, ओळखीच्यांना रोखीनं विका, आणि पुढच्या हंगामात त्यातले किती जण स्वतःहून परत येतात ते बघून मगच वाढवा. देठ काढणं, भाजणं, डंक हे सगळं आधी डोळ्यांनी बघायचं असेल तर शिमग्यानंतरच्या कुठल्याही रविवारी सकाळी आमच्याकडे अनगोळला या, येताना जुनी साडी नेसून या, कारण तिखट उडतं आणि डाग जात नाही.