रविवारी अख्खी कोंबडी, बुधवारी तांबडा

आमच्या घरात कोंबडी शिजवायची तर आधी कॅलेंडर बघावं लागतं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी बायकोचा गणपतीचा उपास असतो, तो तिच्यापुरता, तरी त्या दिवशी घरात कोंबडी शिजत नाही. संकष्टी आणि एकादशी मध्येच कुठेही येऊन पडतात. राहता राहिले रविवार, बुधवार आणि शुक्रवार. ओव्हनमध्ये अख्खी कोंबडी भाजायच्या इंग्रजी कृती वाचल्या की शेवटी हमखास एक ओळ असते : उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी सँडविचमध्ये घाला. आमचा दुसरा दिवस सोमवार! त्यामुळे उरलेल्याचं काय करायचं, हे मला कोंबडी आणायच्या आधीच ठरवावं लागतं.

मूळ गाव कोल्हापूर, संसार पुण्यात. एरवी आम्हीही करी कटच आणतो. पण करी कटमध्ये पाठ, मान, बरगड्या सगळ्या तुकड्यांत वाटल्या जातात आणि ताटाच्या कडेला जाऊन पडतात. मला त्या हाडांचं अळणी, म्हणजे रश्श्यासाठी उकळून काढलेलं पाणी, हवं होतं, पोराला व्हिडिओत दिसते तशी सोनेरी, पाय बांधलेली कोंबडी टेबलावर हवी होती. दोन्ही एकाच पक्ष्यात बसतं, हे कळल्यापासून अधूनमधून हा घाट घालतो.

सगळ्या कृती सांगतात की आदल्या रात्री मीठ चोळून ठेवा. आदली रात्र शनिवारची. शनिवारी कच्ची कोंबडी फ्रिजमध्ये ठेवायची म्हणजे आईशी युद्ध. म्हणून रविवारी सकाळी सातलाच दुकान गाठायचं आणि संध्याकाळी भाजायची. आठ-नऊ तास मिठाला पुरतात. शिवाय नुकती कापलेली कोंबडी काही तास ताठर असते, तेव्हा फ्रिजमधला वेळ तिच्या पथ्यावरच पडतो.

दुकानात ‘अख्खी द्या, स्किनसकट’ म्हटलं की माणूस मान वर करून बघतो. त्यालाही कारण आहे. आपल्याकडे बहुतेक दुकानांत पिसांबरोबर कातडंही ओढून काढतात, दोन मिनिटांचं काम. स्किनसकट म्हणजे कोंबडी गरम पाण्यात बुडवा, मग रबरी बोटांच्या फिरत्या ड्रममध्ये पिसं काढा. ‘थांबावं लागंल दादा. तंदूरला पायजे का? चिरे मारून देऊ?’ चिरे नको म्हणायचं. तंदुरी दह्यात मुरते म्हणून तिला चिरे लागतात. इथे कातडं अखंड हवं, मसाला त्याच्या आत भरायचा असतो. जिवंत पावणेदोन किलोची कोंबडी साफ होऊन सव्वा किलोच्या आसपास भरते. तेवढी आमच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, बसते, त्याहून मोठी वरच्या तापणाऱ्या सळयांना टेकते. मान, कलेजी-पेटा आणि पाय मागून घ्यायचे. पाय बऱ्याचदा बाजूला टाकलेले असतात, पण अळणीला खरा दाटपणा त्यांचाच.

गावरानच आण, असा सल्ला आमच्याकडे प्रत्येक जण देतो. रश्श्याला गावरानच, वाद नाही. पण ओव्हनच्या कोरड्या आचेत ती वातड होते, कारण ती वयाने मोठी असते, पळालेली असते, तिच्या स्नायूंना जोडणारे धागे घट्ट असतात. ते सैल व्हायला पाणी आणि वेळ दोन्ही लागतं. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू असतं, ते तासाभरात मऊ पडतं.

घरी आल्यावर धुण्याचा वाद. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ साली ‘कच्चं चिकन धुऊ नका’ अशी मोहीमच काढली होती. नळाखाली धुताना उडणाऱ्या थेंबांबरोबर कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू ओट्यावर, भांड्यांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर जातात, हे त्यामागचं कारण. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘त्येंच्या दुकानात पिशवीत येतीया कोंबडी. आपल्या दुकानातला ओंडका बघितलाईस का?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तडजोड अशी निघाली : नळाखाली नाही, मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात हलकेच बुडवून काढायची, पाणी न उडवता ओतायचं, सिंक साबणाने घासायचं, आणि तोवर ओट्यावर दुसरं काही ठेवायचं नाही. मग जुन्या सुती फडक्याने आतून-बाहेरून कोरडी करायची. फडकं सरळ कचऱ्यात. पाणी राहिलं तर कातडं भाजत नाही, नुसतं वाफवतं.

सव्वा किलोला एक सपाट टेबलस्पून मीठ, म्हणजे साधारण १८ ग्रॅम. अर्धं पोटात, अर्धं बाहेरून. परातीत घालून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे खाली काही ठिबकणार नाही. फ्रिजात उघडी ठेवली तर कातडं छान सुकतं, पण दुधाच्या पातेल्याशेजारी उघडी कोंबडी घरात कुणालाच मंजूर नाही. म्हणून झाकण ठेवतो आणि भाजायच्या तासभर आधी बाहेर काढून पंख्याखाली सुकवतो.

कांदा-लसूण मसाला वरून चोळायचा मोह आवरायला हवा. त्यात खोबरं, तीळ, कांदा, लसूण सगळं असतं, आणि दोनशे अंशांवर ते कोंबडी शिजायच्या कितीतरी आधी करपून कडू होतं. त्याची जागा कातड्याच्या आत. मानेकडच्या बाजूने दोन बोटं कातडं आणि छातीच्या मध्ये सरकवायची. आत एक पातळ पापुद्रा असतो, तो हलक्या हाताने सुटत जातो. नख मात्र लागू द्यायचं नाही. सुटला की छातीच्या दोन्ही बाजूंना आणि पुढे मांडीपर्यंत खिसा तयार होतो. त्यात मऊ लोणी, ठेचलेला लसूण, भरडलेली मिरी आणि चमचाभर कांदा-लसूण मसाला भरायचा आणि वरून हात फिरवत पसरवायचा. कातड्यातून लालसर नक्षी दिसायला लागते. पोराला या कामावर बसवलं तर तो अर्धा तास गप्प असतो, हा जास्तीचा फायदा. पोटात अर्धं लिंबू आणि लसणाचा एक गड्डा, तंगड्या दोऱ्याने एकत्र बांधायच्या, वरून फक्त तेलाचा हात.

खाली ट्रेमध्ये जाड चकत्यांचे बटाटे आणि कांदे, वर जाळीवर कोंबडी. पहिली वीस मिनिटं २२० अंश, मग १९०. एकूण तास-सव्वा तास. ओटीजी लहान असल्याने छाती सळयांच्या जवळ येते आणि लवकर काळवंडते. पाऊण तासाने तिच्यावर फॉइलची टोपी ठेवतो. शिजली का हे सुरी खुपसून, रस बघून ठरवण्यापेक्षा थर्मामीटर बरा. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, किमान ७४ अंश दिसले पाहिजेत. मी मांडी ८० पर्यंत जाऊ देतो, तिला तेवढं मानवतं. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं कुणाला हात लावू द्यायचा नाही. गरमागरम कापली की सगळा रस पाटावर. या वीस मिनिटांत घरातल्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

टेबलावर कोंबडी फक्त दाखवण्यापुरती जाते. फोटो झाला की परत ओट्यावर. तिथेच कापायची, आणि त्याला उष्ट्याचं कारण आहे. व्हिडिओतली मंडळी ताटातली चघळलेली हाडंसुद्धा गोळा करून उकळतात. आमच्याकडे हे बोललं तरी जेवण थांबेल. म्हणून तंगड्या आणि मांड्या हाडासकट वाढायच्या, त्यांची हाडं गेली ती गेली. छाती मात्र स्वयंपाकघरातच हाडावरून सोडवायची. छातीच्या मधल्या हाडाला सुरी चिकटवून खाली उतरवत नेली की अख्खा तुकडा सुटून येतो. सांगाडा, पाठ, पंखांची टोकं, सगळं कोरं, कुणाचा दात न लागलेलं हातात राहतं.

कोंबडी उलटी केली की पाठीच्या हाडाला, मांडीच्या थोडं वर, दोन्हीकडे खोबणीत एकेक छोटा गोळा असतो. अंगठ्याने दाबला की निघतो. सगळ्या कोंबडीत याच्याइतकं रसाळ मांस नाही. तो कापणाऱ्याचा हक्क आहे आणि याबद्दल मी घरात कुणाला काही सांगितलेलं नाही. सकाळी कलेजी-पेटाही मीच कांद्यावर परतून पावाबरोबर खाल्लेला असतो, पण तो सर्वांदेखत.

बटाटे सगळ्यात आधी संपतात. चरबी, लोणी आणि मसाला त्यांच्यावर तासभर ठिबकलेला असतो. मग तंगड्यांवरून भांडण, मग मांड्या. छाती जवळजवळ तशीच राहते. मराठी माणूस छातीच्या तुकड्याला नाइलाजाने हात लावतो. आईने सगळं नीट खाल्लं, हात धुतले आणि म्हणाली, ‘चव हाय. पण रस्सा कुठाय?’

रस्सा तेव्हा कुकरमध्ये चढायच्या बेतात होता. सांगाडा मोडून पाच लिटरच्या कुकरमध्ये बसवायचा. त्यात सकाळची मान, सोललेले आणि नखं छाटलेले पाय, एक कांदा, पाच-सहा मिरी, आल्याचा तुकडा, दीड लिटर पाणी. मीठ नाही, कोंबडीतलं पुरतं. एक शिट्टी, मग अगदी बारीक गॅसवर पाऊण तास. पातेल्यात याला तीन तास लागले असते. कुकरमध्ये दाबाखाली पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून हाडांमधलं आणि सांध्यांमधलं सगळं भराभर उतरतं. गाळून घ्यायचं, आणि रात्रभर ओट्यावर अजिबात ठेवायचं नाही, पुण्याच्या मे महिन्यात तर नाहीच. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळलं की अर्ध्या तासात कोमट होतं. शिजवलेलं काहीही दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, एवढा नियम मी पाळतो.

गार झालं की वर चरबीचा पिवळा थर धरतो आणि खालचं अळणी चायना ग्रासच्या वडीसारखं थरथरतं. पाय घातले नाहीत तर ते एवढं आळत नाही. चरबी वेगळ्या वाटीत काढायची. छातीचे बोटाएवढे तुकडे हातानेच सोडवायचे. मांस एका डब्यात, अळणी दोन डब्यांत, चरबी वाटीत, आणि सगळं फ्रीझरमध्ये. शिजलेलं चिकन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं, त्यामुळे बुधवारपर्यंत खाली राहिलं असतं. पण सोमवार मध्ये आहे. आईचा निवाडा असा : खालच्या कप्प्यात चालणार नाही, फ्रीझरमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात चालेल, कारण बर्फाला विटाळ नसतो. हा नियम कुठल्या पोथीत आहे ते मी विचारलेलं नाही. सोयीचा आहे.

मंगळवारी रात्री एक अळणीचा आणि मांसाचा असे दोन डबे खाली उतरवायचे, म्हणजे बुधवारपर्यंत फ्रिजमध्येच सुटतात.

खरं तर अळणी म्हटल्यावर कोल्हापूरकराला आधी पांढरा रस्सा आठवतो. पण भाजलेल्या सांगाड्याचं अळणी तपकिरी उतरतं. त्यात काजू-खसखस-तिळाचं वाटण आणि नारळाचं दूध घातलं तर रंग चहासारखा होतो. चवीला वाईट नाही, पण त्याला पांढरा म्हणवत नाही. पांढऱ्याला कच्ची हाडं उकळावीत. भाजलेल्या हाडांचा तो खमंगपणा तांबड्यात मात्र शोभून दिसतो.

वाटणाला कांदा, सुकं खोबरं आणि तीळ वेगवेगळे भाजायचे. त्यात आलं, लसूण, कोथिंबीर, एक टोमॅटो. रविवारची चरबी कढईत वितळवायची, कमी पडेल तेवढं तेल, त्यात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. मग गॅस मंद करून कांदा-लसूण मसाला, त्याला करपू न देता लगेच गरम केलेलं अळणी. गार ओतलं तर तर्री नीट येत नाही. दहा मिनिटं उकळी. छातीचे तुकडे गॅस बंद केल्यावर घालायचे आणि झाकण ठेवायचं. ते एकदा शिजलेले आहेत, पुन्हा उकळले तर दोऱ्यासारखे होतात. रश्श्याच्या गरमीने पाच मिनिटांत आतपर्यंत तापतात आणि चक्क मऊ लागतात. ज्यांनी रविवारी छातीला नाक मुरडलं होतं तेच बुधवारी वाटीतले तुकडे शोधत होते. ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू. आईने दुसऱ्यांदा रस्सा घेतला आणि रविवारच्या कोंबडीबद्दल पहिल्यांदा बरं बोलली.

दुसरा डबा शुक्रवारी पुलावात जातो. वाटीभर तांदळाला दोन वाट्या अळणी, खडा मसाला, वर उकडलेली अंडी. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही, म्हणून सुरुवातीलाच दोन डबे केलेले बरे. या आठवड्यात मात्र शुक्रवारी एकादशी निघाली आणि तो डबा फ्रीझरमध्येच राहिला. गटारीच्या आत संपव, श्रावणात बर्फालाही चालायचं नाही, असं आईने कालच बजावलंय.