बाइलश्टाइन: आगगाडीने टाळलेलं गाव

कोब्लेंत्सहून ट्रियरला जाणारी आगगाडी मोझेल नदीच्या काठाने मजेत चाललेली असते आणि कोखेम स्टेशन सुटताच एकदम डोंगरात शिरते. ४२०५ मीटर लांबीचा हा काइझर विल्हेल्म बोगदा १८७९ साली सुरू झाला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं जर्मनीतला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा राहिला. गाडी पलीकडे निघते तेव्हा पुन्हा तीच नदी भेटते. मधल्या पाच मिनिटांत आपण मात्र नदीचं वीस किलोमीटरहून लांब वळण गाळून आलेलो असतो. बाइलश्टाइन त्या गाळलेल्या वळणावर आहे.

तिथे बसही जाते, पण मी कोखेमहून बोट घेतली आणि वाटेतल्या फांकेलच्या जलपाशासाठी तरी सगळ्यांनी तीच घ्यावी. बोट काँक्रीटच्या दोन भिंतींमध्ये उभी राहते, मागचा दरवाजा लागतो, आत पाणी भरतं आणि आपण चहाच्या कपासकट वर चढू लागतो. मोझेलवर असे जलपाश बांधून १९६४मध्ये ती मोठ्या मालवाहू जहाजांसाठी खुली झाली. आज ती संथ, रुंद, जवळजवळ तळ्यासारखी दिसते ती त्यामुळेच.

गाव दिसतं ते सगळं एकाच नजरेत. वर किल्ल्याचा पडका बुरूज, मध्ये चर्च, खाली पाटीच्या दगडाने शाकारलेली काळी छपरं. वस्ती दीडशेच्या आसपास. गंमत म्हणजे एके काळी कागदोपत्री हे गाव नव्हे, शहर होतं! १३०९ साली जर्मन राजा सातव्या हाइनरिखने इथल्या ब्राउन्सहोर्न घराण्याच्या सरदाराला शहराचे हक्क दिले. तटबंदी झाली, बाजार भरू लागला, आणि याच सरदाराच्या काळात ज्यू कुटुंबंही इथे येऊन राहिली. मालक बदलत गेले. तीस वर्षांच्या युद्धात स्पॅनिश सैन्य आलं, मग स्वीडिश. चर्चमध्ये काळ्या मेरीची लाकडी मूर्ती आहे, ती स्पॅनिशांच्या काळातली मानतात.

१६३७मध्ये गाव मेटर्निख घराण्याकडे आलं. १६८९ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी किल्ला उद्ध्वस्त केला आणि तो पुन्हा कोणी बांधला नाही. याच घराण्यातल्या क्लेमेन्स मेटर्निखने पुढे नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्नात बसून युरोपचा नकाशा आखला आणि मग तो ऑस्ट्रियाचा चॅन्सलर झाला. पण हे गाव १७९४मध्येच फ्रेंचांनी घेतलं होतं, ते काही घराण्याला परत मिळालं नाही. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने क्लेमेन्सला १८१६मध्ये ऱ्हाइनकाठचा योहानिसबेर्गचा प्रासाद द्राक्षमळ्यांसकट दिला, म्हणजे वाइनची सोय झाली. बाइलश्टाइनला मात्र कोणी वाली उरला नाही. नंतर रेल्वेनेही पाठ फिरवली. पैसा नाही म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधायची वेळ आली नाही, आणि आज आपण त्याच घरांचे फोटो काढतो. माहितीपत्रकात या गावाला ‘मोझेलची निद्रिस्त राजकन्या’ म्हणतात. मला ते फार गोड वाटतं. राजकन्या झोपली नव्हती, कंगाल झाली होती.

किल्ल्यामागे अजून चढून गेलात तर ज्यू दफनभूमी लागते. बोटीतून उतरलेल्या गर्दीतलं तिथे कोणीच दिसलं नाही. हिब्रू अक्षरं कोरलेले दगड उतारावर तिरके उभे आहेत, काहींवरची अक्षरं शेवाळाने भरली आहेत. एके काळी या चिमुकल्या गावात सिनेगॉग होतं, त्याची इमारत अजून आहे. नाझींचा काळ संपेपर्यंत प्रार्थना करणारं मात्र कोणी उरलं नाही. राजकन्येच्या गोष्टीत हे बसत नाही, म्हणून दफनभूमी बघायला मुद्दाम जा.

उतरताना मी द्राक्षांच्या मळ्यातून आलो. उतार इतका उभा की हात टेकावे लागले. खाली सगळी स्लेटची कपची, ती दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते, म्हणून इतक्या उत्तरेला रीसलिंग जातीचं द्राक्ष पिकतं. मोझेलवर जुन्या पद्धतीत तारा नसतात. प्रत्येक वेलीला स्वतःचा खांब, आणि फांदी वाकवून पत्त्यातल्या बदामाच्या आकारात बांधलेली. यंत्र इथे फारसं चालत नाही. काही मळ्यांत एका रुळावरून दाते पकडत चढणारी छोटी गाडी असते, बाकी सगळी मजुरी कमरेची. त्यामुळे नदीकाठचे कितीतरी उभे मळे आता झुडपांनी गिळले आहेत.

जायचं असेल तर उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी दुपारी जाऊ नका, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात उलट, बहुतेक खानावळींना कुलूप. सप्टेंबरातला मधला वार उत्तम. परतताना तरीतून पलीकडे एलेन्त्सला उतरा. पूल नाहीच, गाड्याही तरीवरच चढतात. किल्ला, चर्च आणि गाव एकत्र फोटोत यायला तोच काठ बरा, आणि ऊनही संध्याकाळी त्याच बाजूने येतं.