पानाला किती मिळतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून

महिन्यातून चार-पाच जण तरी विचारतात. कुणी नुकतंच मराठीत एम. ए. झालेलं, कुणी निवृत्त शिक्षक, कुणाचं बाळ आता शाळेत जायला लागलेलं. प्रश्न एकच. "घरबसल्या प्रुफं तपासायचं काम करायचंय, सुरुवात कशी करू? पानाला किती मिळतात?" यातले निम्मे 'शुद्धलेखन' या शब्दातच आधी ध आणि मग द लिहितात. पूर्वी मी तो शब्द सुधारून उत्तर पाठवायचे. आता सुधारत नाही.

पैशांचं आधी उरकते. पान म्हणजे काय हे ठरल्याशिवाय दर सांगू नका. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढ्या आकाराच्या पुस्तकाचं पान वेगळं आणि बारीक टायपात ठासून भरलेलं ए-फोर पान वेगळं. मी शब्दांवर पैसे घेते. नुसती प्रुफं बघायचीत की वाक्यंही हलवायचीत, हे लेखी विचारून घ्या. "फक्त एक नजर टाका" म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा संपादन हवं असतं आणि पैसे नजर टाकण्याचेच द्यायचे असतात. पहिली पाच पानं करून दाखवा, अर्धे पैसे आधी घ्या. झालं.

आता शुद्धलेखनाचे नियम. साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार, असे अठरा. एका दुपारी वाचून होतात. मला ते तोंडपाठ होते, आणि माझा घात त्या पाठांतरानंच केला.

काम एका पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचं. 112 पानं, म्हणजे सात फर्मे; एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र छापतात, तो एक फर्मा. पानाला 25 रुपये, एकूण 2,800. तोवरचं माझं सर्वांत मोठं काम होतं ते. प्रेसनं युनिकोडमधली वर्डची फाइल दिली. मी ती दोनदा डोळ्यांखालून घातली. खरोखर नीट घातली, हे आजही छातीवर हात ठेवून सांगते. सकाळी फाइल द्यायची होती. रात्री एकच्या सुमाराला लक्षात आलं की काही लेखांत 'रहायला', 'पहायला', 'वहायला' तसंच राहिलंय. नियम सांगतो की राहणे, पाहणे, वाहणे असं लिहावं. पानोपानी शोधत बसायचं त्राण नव्हतं. मग शोधा-आणि-बदलाची खिडकी उघडली. 'रहा'च्या जागी 'राहा', 'पहा'च्या जागी 'पाहा', 'वहा'च्या जागी 'वाहा'. तिन्ही वेळा 'सगळे बदला' दाबलं. इतके बदल झाले, असा आकडा आला. तो मोठा होता आणि मला बरं वाटलं. पुन्हा न वाचता फाइल पाठवली आणि झोपले.

यंत्राला शब्द कळत नाहीत, त्याला अक्षरांची रांग तेवढी दिसते. 'व्यवहार'मध्ये 'वहा' आहे. 'उपहार', 'अपहार' आणि 'पहाटे'मध्ये 'पहा' आहे. 'प्रहार'मध्येसुद्धा 'रहा' आहे, कारण आतून तो प, हलन्त, र, ह, काना असाच लिहिलेला असतो.

समारंभाची तारीख ठरलेली होती, त्यामुळं शेवटचं प्रुफ माझ्याकडं आलंच नाही. पहिली प्रत अध्यक्षांच्या हातात पडली. त्यांच्या मनोगतात पंचवीस वर्षांच्या चोख 'व्यवाहारा'चा अभिमान होता. संस्थेत एकही 'अपाहार' झाला नसल्याची ग्वाही होती. आणि दिवाळीला प्रत्येक सभासदाला 'उपाहार' म्हणून स्टीलचा डबा दिल्याची नोंद होती. उपहार म्हणजे भेट, उपाहार म्हणजे नाश्ता. नाश्त्याला डबा. आज हसू येतं. त्या दिवशी प्रेसमध्ये कुणी हसलं नाही.

आता जे सांगायचं टाळत आले, ते. प्रेसमध्ये पानं लावायला एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. माझी युनिकोडमधली फाइल तो कन्व्हर्टरमधून श्रीलिपीत, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरला चालणाऱ्या फाँटमध्ये घ्यायचा. त्यात रफार उडतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत. त्यामुळं मालकानं 'व्यवाहार' पाहिला आणि थेट त्याच्याकडं वळला. "कन्व्हर्ट केल्यावर बघायला काय होतं तुला?" तो म्हणाला, "दादा, फाइलच अशी आली असंल." मालकानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "मी दोनदा वाचलीय."

खोटं नव्हतं ते. दोनदा वाचली होतीच. बदल त्यानंतरचे होते.

मूळ फाइल उघडली असती तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. कुणी उघडली नाही. शिकलेल्या बाईनं सांगितलं होतं ना! मनोगताचा फर्मा पुन्हा छापला. बाकीच्या फर्म्यांतल्या मोठ्या चुकांवर पट्ट्या चिकटवल्या. त्या चिकटवायला मीही बसले आणि त्याबद्दल मालकानं माझे आभार मानले. कागदाचे 3,000 रुपये त्या मुलाच्या पगारातून तीन हप्त्यांत कापले गेले. मला माझे 2,800 पूर्ण मिळाले.

तेव्हाच्या मला विचारलं तर ती म्हणेल, नुकतं कुठं नाव होत होतं, एक काम बोंबललं असतं तर पुढचं कुणी दिलं असतं? शिवाय कन्व्हर्ट केल्यावर तपासणं हे त्याचं कामच होतं. दुसरा मुद्दा मला आजही पुरता खोडता येत नाही. त्यानं वाचलं असतं तर चूक सापडली असती. पण ती माझी चूक सापडली असती, हे ती बाई बोलत नाही. मग मी तिला 3,000 रुपयांचं विचारते. ती म्हणते, नंतर पाकिटातून देऊन टाकू. दिले नाहीत. नंतर द्यायचे म्हणजे का देतोय ते सांगावं लागलं असतं.

वर कडी म्हणजे, त्याच नियमात पुढं लिहिलंय की आज्ञार्थी 'पहा', 'रहा', 'वहा' चालतात. म्हणजे काही बदल तर मुळात करायचेच नव्हते. पाठ होतं मला हेसुद्धा.

तेव्हापासून मी प्रत्येक बदल नोंदवण्याची सोय चालू ठेवूनच काम करते आणि 'सगळे बदला' दाबत नाही, एकेक ठिकाण बघून बदलते. छापायला जाणारं शेवटचं पान मला दाखवणार असाल तरच काम घेते. हे मी तुम्हाला सल्ला म्हणून सांगते तेव्हा फार शहाणी वाटत असेन. तुम्ही "थँक्यू ताई" म्हणता आणि पुन्हा विचारता, "पण पानाला किती?"

त्या मुलाचं आता स्वतःचं डीटीपीचं दुकान आहे. मला कामं पाठवतो, पैसे वेळेवर देतो, ताई म्हणतो. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी त्याच्याकडं जाऊन बसले होते. मी पाठवलेली फाइल उघडायच्या आधी त्यानं तिची एक प्रत काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. फोल्डरचं नाव होतं 'ताई – जशी आली तशी'. त्यात माझ्या जुन्या फाइलींची रांगच लागली होती.

सगळ्यांच्याच फाइली अशा ठेवतोस का, हे ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.