तुम्ही विचारलंत म्हणून : घरासाठी शिलाई मशीन कोणतं घ्यावं?

"बाई, घरी वापरायला कोणतं मशीन घेऊ?" सोलापुरात शिवणक्लास घेत असल्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. विचारणारीला एका कंपनीचं नाव हवं असतं. मी उलट विचारते, शिवायचं काय आहे? उत्तर हमखास येतं, "सगळंच." हे सगळंच जरा खोदून काढलं की निघतात उशीचे अभ्रे, पडदे, परकर, स्वतःचे ब्लाउज, मुलांच्या गणवेशाची उसवलेली शिवण, नवऱ्याच्या पँटची उंची आणि जुन्या साड्यांची गोधडी. ही सगळी सरळ टिपेची कामं आहेत. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते : साधं काळं लोखंडी घरगुती मशीन घ्या आणि त्याला मोटर बसवून घ्या.

हे ऐकून बऱ्याच जणींचा चेहरा पडतो. त्यांनी मोबाइलवर पांढरं, गुटगुटीत, फुलांचे टाके घालणारं मशीन पाहून ठेवलेलं असतं. त्याच्याशी माझं वैर नाही, ते कुणी घ्यावं तेही सांगते. पण काळ्या मशीनची बाजू आधी नीट ऐकून घ्या.

सिंगरने अमेरिकेत पेटंट घेतलं १८५१ साली. टोकाजवळ नेढं असलेली सुई, वरून एक दोरा, खालून बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या पोटातल्या छोट्या रिळाचा दुसरा आणि कापडाच्या मध्ये त्या दोघांची गुंतवण, ही रचना आजही तीच आहे. पुढे सिंगरच्याच '१५' नावाच्या नमुन्याची जगभर इतकी नक्कल झाली की त्याचे भाग जवळपास प्रमाण मापाचेच होऊन बसले. आपल्याकडे लुधियानात बनणारी बहुतेक घरगुती काळी मशिनं त्याच घराण्यातली. याचा फायदा असा की बॉबिन, बॉबिन केस, शटल, सुईचा स्क्रू, दाबाचा फूट, काहीही बिघडलं तरी तालुक्याच्या गावातही मिळतं, आणि ते बसवणारा माणूसही मिळतो. पुण्याच्या रविवार पेठेत जायची गरज पडत नाही. प्लास्टिकच्या मशीनचा आतला एखादा दातेरी चाकाचा तुकडा मोडला तर कंपनीला कळवून वाट पाहावी लागते.

दुसरी गोष्ट कुणी दुकानात सांगत नाही. सरळ टिपेच्या मशीनच्या पत्र्याला सुई जाण्यापुरतं लहान गोल भोक असतं. झिगझॅग, म्हणजे नागमोडीही शिवणाऱ्या त्या पांढऱ्या मशीनची सुई डावी-उजवीकडे हलते, त्यामुळे तिथे आडवी लांबट फट ठेवावी लागते. मलमल, शिफॉन, जुनी विरलेली वॉयल अशी कापडं सुरुवातीच्या टाक्यालाच त्या फटीत ओढली जातात आणि गोळा होतात. कापडाखाली कागद ठेवून शिवणं वगैरे उपाय आहेत, पण बारीक कापडावर सरळ टीप काळ्या मशीनइतकी नेटकी येत नाही, हे माझं मत आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही.

वजन मात्र खरंच आहे. नुसतं डोकंच दहा किलोच्या वर जातं, शिवाय स्टँड. ज्यांच्या घरात मशीन कायमचं मांडायला जागा नाही, काम झालं की उचलून कपाटात ठेवावं लागतं, त्यांनी पाच-सहा किलोंचं इलेक्ट्रिक मशीनच बघावं. मोटरच्या विजेची काळजी करू नका. शंभर वॅटच्या आसपासची मोटर दहा तास चालली की एक युनिट होतं. स्टँडवर बसवलेलं असेल तर वीज गेल्यावर पट्टा बदलून पायाने चालवता येतं. उन्हाळ्यात ऐन लग्नसराईत आमच्याकडे हे किती कामाला येतं ते सोलापूरकरांना सांगायला नको.

आता झिगझॅग कुणी घ्यावं? ज्यांना टी-शर्ट, लेगिंग, लहान बाळांचे होजिअरीचे कपडे असं ताणलं जाणारं कापड शिवायचंय त्यांनी. सरळ टीप ताणली की तडकते. नागमोडी टीप कापडाबरोबर ताणली जाते. काज करायची असतील, कापडाची कड सुटू नये म्हणून बांधायची असेल, पडद्यावर किंवा चादरीवर कापडाचे तुकडे चिकटवून त्यांची कड शिवायची असेल, तर झिगझॅग हवंच. या मशिनांचा पुढचा हात मोकळा असतो, म्हणजे पँटची मोहरी किंवा बाही त्यावर चढवून गोल फिरवत शिवता येते, हाही मोठा फायदा. पण 'इतके टाके, तितके टाके' या जाहिरातीला भुलू नका. सरळ, झिगझॅग, तीन-टप्प्यांचं झिगझॅग आणि काज, एवढंच वापरलं जातं. बदकांची रांग काढणारा टाका पहिल्या आठवड्यात सगळ्यांना दाखवून होतो आणि मग तो खटका कुणी फिरवत नाही. टाक्यांची लांबी आणि रुंदी हवी तशी बदलता येते का, हे मात्र जरूर बघा. काही स्वस्त मशिनांत ठरावीक टाकेच निवडता येतात, मधलं काही मिळत नाही.

फॉल-पिकोचा प्रश्न याला जोडूनच येतो. घरगुती झिगझॅगला गोल दुमडीचा फूट लावून पिकोसारखं करता येतं, पण पिकोच्या खास मशीनसारखी घट्ट, बारीक कड येत नाही. स्वतःच्या चार साड्यांसाठी हे चालेल. व्यवसाय करायचा असेल तर पिको मशीन वेगळंच घ्यावं लागतं, तसंच कापडाची कड बांधणारं इंटरलॉकही. घरात दोन-चार ब्लाउज शिवणारीने इंटरलॉकवर पैसे घालू नयेत, गल्लीत कुणीतरी करून देतंच.

इथे गणवेशांचे कारखाने आहेत, त्यांचं काम घरी आणणाऱ्या बायका खूप. त्यांचा प्रश्न वेगळा असतो : "जुकी घेऊ का?" जुकी हे एका जपानी कंपनीचं नाव, पण आपण कारखान्यातल्या कुठल्याही मशीनला जुकीच म्हणतो. घरगुती मशीन मिनिटाला सहाशे ते आठशे टाके घालतं, हे चार हजारांच्या पुढे जातं. दिवसभर एकाच मापाच्या चड्ड्या शिवायच्या असतील तर ते घ्याच. पण ते फक्त सरळ टीपच मारतं, टेबलासकट खोली अडवतं, त्याची सुई गोल दांड्याची असते आणि घरगुती मशीनला चालत नाही. शिकाऊ हाताखाली ते मांजा तुटलेल्या पतंगासारखं सुटतं. घ्यायचंच असेल तर सर्वो मोटरचं, म्हणजे शिवताना तेवढीच फिरणाऱ्या मोटरचं घ्या. जुन्या क्लच मोटरचा घुंऽऽ आवाज शिवत नसतानाही चालूच राहतो, वीजही खाते आणि वरच्या मजल्यावरच्यांशी भांडणही लावून देते.

ऑनलाइन मिळणारी खेळण्याएवढी मशिनं भेट म्हणूनही देऊ नका. हातात धरायचं स्टेपलरसारखं जे मिळतं ते एकाच दोऱ्याने साखळीचा टाका घालतं. शेवटचं टोक गाठ न मारता ओढलं की अख्खी शिवण सर्रकन उलगडते. शिवण शिकायला उत्सुक असलेल्या मुलीचा उत्साह अशा मशीनने जेवढा मरतो तेवढा कशानेच मरत नसेल.

दुकानात जाताना आपली चिंध्यांची पिशवी घेऊन जा, हे मी अगदी आग्रहाने सांगते. दुकानदार कडक सुती कापडाच्या दुहेरी तुकड्यावर चालवून दाखवतो, त्यावर कुठलंही मशीन छान चालतं. तुमच्या पिशवीत वॉयलचा तुकडा, अस्तर लावलेला ब्लाउजपीस, जुन्या जीन्सची दुमडलेली मोहरी, टॉवेलचा कोपरा आणि टी-शर्टचा तुकडा असू द्या. आधी मोटर न लावता चाक हाताने फिरवा. कुठे अडकतं, खरखरतं ते हाताला कळतं. मग पायडल अगदी हलकं दाबा. चांगलं मशीन एकेक टाका घालत चालतं, वाईट मशीन आधी अडून बसतं आणि मग एकदम उडी मारतं. जीन्सच्या शिवणीवर शिवण येते तिथे काय होतं ते पाहा. शिवलेला तुकडा उलटा करून बघा. खाली दोऱ्याचे फासे दिसत असतील तर वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, सैल आहे किंवा दोरा नीट ओवलेला नाही. वर बॉबिनचा दोरा डोकावत असेल तर वरचं टेन्शन घट्ट आहे. दुकानदाराला ते तुमच्यासमोर जुळवायला सांगा. जो कुरकुरतो त्याच्याकडे दुरुस्तीला पुन्हा जावं लागणार आहे, हे लक्षात ठेवून ठरवा.

"सासूबाईंचं मशीन माळ्यावर आहे, ते चालेल का?" चालेल, बहुतेक वेळा छान चालेल. सुईचा दांडा हलवून बघा, फार डुगडुगत नसेल आणि चाक फिरत असेल तर मेकॅनिककडून साफ करून घ्या, पट्टा नवा टाका. कुणीतरी हौसेने खोबरेल तेल घातलेलं असतं, ते आत चिकट होऊन बसतं. मशीनचंच तेल घाला, आणि तेल दिल्यावर आधी चिंधीवर शिवा.

मोफत मशीनचे मेसेज येतात तेव्हाही मला फोन येतो. अनोळखी लिंक उघडून आधार आणि ओटीपी कुणाला देऊ नका. खरी योजना आहे ती पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. त्यातल्या अठरा कारागिरीत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे, पण ती हा धंदा करणाऱ्यांसाठी. हौशी शिवणाऱ्यांसाठी नाही. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात काही चालू आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा.

उरला कंपनीचा प्रश्न. उषा की सिंगर, यावर मी वाद घालत नाही. तुमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर जो मेकॅनिक आहे त्याला विचारा, "तुमच्याकडे कोणत्या मशीनचे भाग असतात?" तो जे नाव घेईल ते घ्या. आणि सगळे पैसे मशीनवर संपवू नका. एक चांगली कात्री, सहा-सात जादा बॉबिन, सुयांची पाकिटं एवढ्यासाठी हजारभर रुपये बाजूला ठेवा. वॉयल-रेशमाला ११ नंबरची सुई, साध्या सुतीला १४, जीन्स आणि टॉवेलला १६, होजिअरीला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची. मशीन बिघडलं म्हणून माझ्याकडे जी घेऊन येतात, त्यातली निम्मी नवी सुई घालताच चालू लागतात. तेव्हा मेकॅनिकला फोन करण्याआधी सुई बदला, वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा आणि बॉबिन परत भरा. तरी टाका सुटत असेल तर मग त्याला बोलवा.