दोन फुटी टँक: तपकिरी पाण्याचा माग लागला

मंडळी, माझ्या माशांच्या दोन फुटी टँकमधल्या तपकिरी पाण्याचा अखेर माग लागला. सगळा आळ ड्रिफ्टवुडवर, म्हणजे सजावटीसाठी ठेवलेल्या लाकडावर आला होता. निम्मा रंग त्याचा आहेच, पण उरलेला निम्मा बाल्कनीतल्या नळातून येत होता.

मागच्या अपडेटमध्ये पाणी दुधासारखं पांढरं झाल्याचं लिहिलं होतं, तो दुधाळपणा आपोआप गेला, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. नव्या टँकमध्ये सॉइल (तळाला घातलेली झाडांची माती) आणि लाकडातून जे काही सुटतं, त्यावर हेटेरोट्रॉफिक बॅक्टेरिया भराभर वाढतात. त्यांची संख्या तासाभरातही दुप्पट होऊ शकते. अमोनिया खाणाऱ्या, आपल्या कामाच्या बॅक्टेरियांना तेवढ्यासाठी अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून आधी पाणी पांढरं होतं आणि सायकल, म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियांची घडी, मागाहून बसते. मी फक्त हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन पूर्ण जोरात चालू ठेवला. आपल्याकडे ऑक्टोबरात टँकचं पाणी ३० अंशांवर असतं, त्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो आणि हे बॅक्टेरिया तोही खातात. टँकमध्ये अजून मासा नाही, त्यामुळे निवांत वाट पाहता आली.

पांढरं निवळलं आणि खालचा रंग वर आला. कोऱ्या चहाचा. लाकूड उकळून घेतलेलं होतं, तरी टॅनिन (लाकडातून सुटणारा तपकिरी रंग) येणार हे धरूनच चाललो होतो. फिल्टरमध्ये रंग शोषणारा कार्बन टाकला. रंग थोडा उतरला. वॉटर चेंज केला, पाणी छान दिसलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं. मग लाकूडच बाहेर काढून ड्रममध्ये बुडवून ठेवलं. तरीही वॉटर चेंज केला की दुसऱ्या दिवशी रंग हजर. इथे डोकं पिकलं. लाकूड बाहेर आहे, कार्बन ताजा आहे आणि रंग पाणी बदलल्यावर वाढतोय. टॅनिन असं वागत नाही. पाणी बदललं की ते पातळ व्हायला हवं.

पहिला धागा टॉर्चने दिला. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवून टँकच्या बाजूच्या काचेला टॉर्च टेकवला. टॅनिन पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं, नुसत्या टॅनिनच्या पाण्यात प्रकाशाचा झोत जवळजवळ दिसत नाही. माझ्या टँकमध्ये झोत या काचेपासून त्या काचेपर्यंत स्पष्ट दिसत होता आणि त्यात अतिबारीक कण तरंगत होते. दिवसा हेच पाणी स्वच्छ पिवळसर दिसायचं. ज्यांचा टँक नवा आहे त्यांनी कुठलीही बाटली विकत आणण्याआधी हे एकदा कराच. फुकट आहे आणि विरघळलेलं काय, तरंगणारं काय, हे लगेच समोर येतं.

दुसरा धागा काचेला अडकवलेल्या हँग-ऑन फिल्टरमधल्या वूलने (पाणी गाळणाऱ्या कापसासारख्या थराने) दिला. टॅनिनने वूल फिकट तपकिरी होतं. माझं वूल नारिंगी झालं होतं आणि बोटांत चोळल्यावर बोटांवर मऊ, विटकरी भुकटी उरली.

मग कॉफीचा फिल्टर पेपर चाळणीत बसवला आणि त्यातून लिटरभर टँकचं पाणी हळूहळू ओतलं. हा प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडला. पेपर वाळल्यावर त्यावर नारिंगी कडं उमटलं होतं आणि खालच्या ग्लासातलं पाणी अजूनही पिवळसर होतं, पण आता काचेसारखं नितळ. एकाच पाण्यातले दोन रंग वेगळे होऊन समोर बसले. खाली उतरला तो टॅनिनचा. वर राहिला तो गंजाचा, असा संशय होता. कार्बन अर्धवटच का चालत होता तेही कळलं. कार्बन विरघळलेलं टॅनिन धरतो, पण गंजाचे कण त्याच्या भोकांत शिरून बसणारे नव्हेत.

संशय पक्का करायला आइस्क्रीमचे रिकामे पांढरे डबे मांडले. एकात स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी, एकात बाल्कनीतल्या नळाचं, एकात स्वयंपाकघराच्या पाण्यात लाकडाचा तुकडा, एकात त्याच पाण्यात मूठभर सॉइल. आमची दादरची जुनी इमारत आहे. सकाळी पाणी येतं ते स्वयंपाकघरात थेट महापालिकेच्या लाइनचं. बाथरूम आणि बाल्कनीला गच्चीवरच्या टाकीचं. टँक बाल्कनीच्या दाराशी आहे आणि पाइप तिथवर पुरतो, म्हणून वॉटर चेंज बाल्कनीच्या नळाने.

बाल्कनीचा डबा भरला तेव्हा पाणी स्वच्छ होतं, दोन्ही नळांत काहीच फरक दिसेना. संध्याकाळी त्यात पिवळट धुकं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला विटकरी थर बसलेला. स्वयंपाकघराचा डबा जसाच्या तसा. लाकडाचा डबा पिवळा पण पारदर्शक, सॉइलच्या डब्यात किंचितच छटा. बाल्कनीच्या डब्यात किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड चिमूटभर टाकून ढवळलं, तर गढूळपणा डोळ्यांदेखत निवळला. ताजा गंज त्यात विरघळतो. (हे डब्यातच करायचं, टँकमध्ये अजिबात नाही.)

सोसायटीच्या प्लंबरला विचारलं. म्हणाला, "साहेब, टाकीनंतरची सगळी लाइन जीआयची आहे, जुनी. आतून सडलीय." जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. रात्रभर अशा पाइपात पाणी उभं राहिलं की त्यातला ऑक्सिजन गंजण्यातच संपतो आणि लोह विरघळलेल्या रूपात पाण्यात उतरतं. त्याला रंग नसतो. बाहेर हवा लागली की त्याचं न विरघळणारं तपकिरी हायड्रॉक्साइड होतं. म्हणजे मी स्वच्छ पाणी भरत होतो आणि माझाच एअर स्टोन त्याचा गंज करून दाखवत होता! रंग वॉटर चेंजनंतर का वाढायचा याचं उत्तर इथे मिळालं आणि त्या दिवशी मी खरंच खूश होतो.

झाडांना थोडं लोह हवंच असतं, पण या गंजाचा त्यांना फारसा उपयोग नाही. शिवाय जीआयवर जस्ताचा मुलामा असतो. कोळंबी पाळायची असेल तर जस्त आणि तांबं दोन्हीपासून लांब राहिलेलं बरं. तेव्हा यापुढे पाणी फक्त स्वयंपाकघरातलं. सकाळी पाणी आलं की आधी थोडं वाहू द्यायचं, मग ड्रम भरायचा, अँटिक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकायचं आणि दुपारी छोट्या पंपाने टँकमध्ये चढवायचं. हे सुरू केल्यापासून वूल पुन्हा पांढरं निघतंय.

आता उपायांबद्दल, कारण यात प्रत्येकाने सल्ला दिला. आई म्हणाली, "अरे, तुरटी फिरव की दोनदा." पिण्याच्या पाण्याला ते ठीक, टँकला नको. मुंबईचं पाणी तलावांचं, म्हणजे पावसाचं, त्यामुळे फार मऊ. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ७० च्या आसपास आणि केएच (पीएच सावरून धरणारी क्षारता) जेमतेम २. तुरटी क्षारता खाते. एवढ्या कमी केएचमध्ये पीएच धाडकन खाली येतो आणि आम्लधर्मी पाण्यात अ‍ॅल्युमिनियम माशांना बाधतं. दुकानांत 'वॉटर क्लिअर' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांबद्दलही माझं मत चांगलं नाही. कण गोळा करून तळाशी पाडतात, पण कण येतात कुठून ते बाटली सांगत नाही. त्यापेक्षा जाड फिल्टर वूल घ्या, मीटरवर मिळतं, दर आठवड्याला टाकून द्या. टॅनिनच काढायचं असेल तर प्युरिजेन (टॅनिन शोषणारे बारीक मणी) महाग असलं तरी पैसे वसूल आहे, ब्लीचमध्ये धुऊन पुन्हा वापरता येतं.

टेस्ट करताना एक सांभाळा. अमोनियाच्या थेंबांच्या टेस्टमध्ये पिवळा म्हणजे शून्य आणि हिरवट झाला की अमोनिया. पाणीच पिवळं असलं की कार्डाशी रंग जुळवताना डोळे फसतात. मी आता दुसऱ्या नळीत नुसतं टँकचं पाणी भरून ती शेजारी धरतो. सध्या अमोनिया उतरतोय, नायट्राइट जांभळं दाखवतंय, म्हणजे सायकल मधोमध आहे.

केएचचा विषय निघाला म्हणून सांगतो. पीएच ६.५ च्या खाली गेला की सायकल रेंगाळते, आणि अ‍ॅक्वासॉइल व टॅनिन दोघंही पीएच खालीच ओढतात. बफर म्हणून बरेच जण प्रवाळाचा चुरा सुचवतात. तो मी घेणार नाही, आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं, रविवारी घरी तिसऱ्या होतात. त्यांच्या शिंपल्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. मीठमसाला लागायच्या आधी बाजूला काढायच्या, उकळून, घासून, वाळवायच्या आणि मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायच्या. विरघळतात सावकाश, त्यामुळे पीएच एकदम उडणार नाही. आठवडाभराने केएच मोजून आकडे देतो.

आणि लाकूड परत टँकमध्ये गेलंय. गंज गेल्यावर उरलेला रंग मी नीट पाहिला. संध्याकाळी दिव्याखाली अनुबियास या पाणझाडाच्या पानांमागे तो सोनेरी दिसतो. मूळ बेत पांढरी वाळू, नितळ पाणी आणि निऑन माशांचा थवा असा होता. तो बदलला. टॅनिन काढायचंच नाही. प्युरिजेनची पिशवी डब्यात ठेवून दिली. वाळू रद्द, तळाला बदामाची पानं. शिवाजी पार्काच्या बाजूला हवी तेवढी मिळतात. झाडावरची नको, सुकून गळलेली, रस्त्याच्या कडेची सोडून आतली उचलायची. मऊ पाणी, टॅनिन आणि मंद फिल्टर हे सगळं हनी गुरामी या छोट्या माशाला मानवतं. एक जोडी, आणि वर पृष्ठभागाजवळ आपल्याच पश्चिम घाटातले पॅनचॅक्स मासे, असं डोक्यात आलं होतं. पण पॅनचॅक्स भलतेच उड्या मारतात आणि तोंडात मावेल ते गिळतात, त्यामुळे झाकण पक्कं होईपर्यंत त्यांचा विचार पुढे ढकलला. गुरामीसाठी सायकल पूर्ण झाल्यावर रविवारी पहाटे कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात जाईन.

साठ लिटरला एका वेळी किती पानं टाकता? आणि आपल्या उकाड्यात ती किती दिवसांत विरतात? ज्यांनी मुंबईत पानांचा तळ ठेवलाय त्यांनी सांगा, म्हणजे तेवढीच गोळा करतो.